मंगळवारची फेरी

जहाजाच्या कुशीवरून दोराची शिडी लोंबत होती आणि बाई लाँचमध्ये बसून चपला काढत होत्या.

“मॅडम,” मी म्हणालो, “अजून वेळ गेलेली नाही. खालूनच बोलू. भोंगा आणलाय मी.”

“भोंग्यातून हुकूम देता येतो, धारप. बोलता येत नाही.” त्यांनी चपला बाकाखाली सारल्या, पदर कमरेला घट्ट खोचला आणि शिडीची फळी हाताने दाबून पाहिली. “तुम्ही दर मंगळवारी येता ना इथे? आधी कुठला पाय टाकता?”

“उजवा,” मी म्हणालो.

वर कठड्यावरून एक पांढऱ्या दाढीचा माणूस ओणवा होऊन आमच्याकडे बघत होता. तो चक्क मराठीत ओरडला, “बाई, दोर धरा, फळी धरू नका! लाट लाँचला वर उचलेल तेव्हाच पाय टाका. मी सांगतो. आत्ता नाय… आत्ता नाय… आता!”

बाईंनी पाय टाकला. डावा. आणि सहासष्ट वर्षांची ती बाई, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, एकेक फळी चढत वर निघाली. मी तिच्यामागे. आठ-दहा फळ्या चढल्यावर मी खाली पाहिलं आणि पुढची प्रत्येक फळी डोळे मिटून चढलो.

ही गोष्ट पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा शहराच्या शेरीफ कचेरीत डेप्युटी शेरीफ होतो. शेरीफ म्हणजे नगरपाल. हे पद मानाचं. सरकार दर वर्षी शहरातल्या एखाद्या नामवंत माणसाला त्यावर बसवतं. पगार नाही. परदेशचे पाहुणे आले की विमानतळावर गुच्छ द्यायचा, मोठं माणूस गेलं की शोकसभा बोलवायची, समारंभात पहिल्या रांगेत बसायचं. कचेरीचं खरं काम डेप्युटीने करायचं. कोर्टाचे समन्स पोचवणं, जप्त्या, लिलाव. आणि आमच्या बंदराच्या शहरात आणखी एक काम होतं, ते म्हणजे जहाजांना अटक करणं. एखाद्या जहाजमालकाने देणी बुडवली की कोर्ट जहाजाच्या अटकेचा हुकूम काढायचं, आम्ही जाऊन तो चिकटवायचो, आणि तिथून पुढे विक्री होईपर्यंत जहाज शेरीफच्या ताब्यात. मी असे अकरा शेरीफ पाहिले होते. एक उद्योगपती, दोन डॉक्टर, एक क्रिकेटपटू. सगळे भले लोक. फाइल समोर ठेवली की सही करायचे आणि विचारायचे, “धारप, संध्याकाळचा कार्यक्रम किती वाजता?”

त्या वर्षीच्या शेरीफ होत्या सुमित्राबाई लोटलीकर. त्यांनी चाळीस वर्षं मूकबधिर मुलांची शाळा चालवलेली. त्यांची एक सवय मला पहिल्या दिवसापासून खटकायची. आपण बोलायला लागलो की त्या आपल्या तोंडाकडे बघत राहायच्या. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. बाकी त्यांचा काहीच त्रास नव्हता. अकरा महिने त्यांनीही मी ठेवलेल्या प्रत्येक कागदावर सही केली.

मग नोव्हेंबरात ‘आर्गेना’ची फाइल आली.

‘आर्गेना’ हे मालवाहू जहाज एप्रिलमध्ये अटक झालं होतं. मालक परदेशी, तो सरळ हात झटकून गायब झाला. सात महिने जहाज बंदराबाहेर नांगरून पडलं होतं. शेवटी कोर्टाने ते भंगारवाल्याला विकलं आणि आम्हाला हुकूम झाला, शुक्रवारपर्यंत जहाज रिकामं करून ताबा द्या. आता अडचण होती ती जहाजावरच्या खलाशांची. ते उतरेनात. भंगारवाल्याची माणसं लाँच घेऊन गेली तेव्हा त्यांनी शिडीच वर ओढून घेतली. मी पोलिसांची मदत मागितली. वीस हत्यारी शिपाई, दोन बोटी, बुधवारी सकाळी. त्या पत्रावर शेरीफची सही हवी होती, म्हणून सोमवारी मी फाइल बाईंपुढे ठेवली.

त्यांनी पत्र वाचलं. पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

“ही चौदा माणसं कोण?”

“क्रू, मॅडम.”

“नावं?”

“यादी असेल कुठेतरी. काढायला सांगतो.”

“सात महिने तिथेच आहेत?”

“त्यांना जायला कुणी मनाई केलेली नाही, मॅडम. हट्टाने बसलेत.”

बाईंनी माझ्या ओठांकडे पाहिलं. “हट्टी मुलं मी पुष्कळ पाहिलीत,” त्या म्हणाल्या. “वीस शिपाई मात्र कधी लागले नाहीत. उद्या मंगळवार ना? तुमची फेरी असते. मी येते.”

मी त्यांना सांगितलं की असा पायंडा नाही. शेरीफ स्वतः कधी अटकेतल्या जहाजावर गेलेला नाही. समुद्र आहे, वय आहे, उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?

“माझी,” त्या म्हणाल्या. “दारावर पाटी माझ्या नावाची आहे ना?”

पोलिसांऐवजी साडीतली बाई आलेली पाहून त्यांनी शिडी खाली सोडली. तर असे आम्ही त्या शिडीवर.

वर पोचल्यावर त्या पांढऱ्या दाढीच्या माणसाने बाईंना हात दिला. मलाही दिला. त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्याचं नाव गनी चोगले. बाणकोटचा. जहाजावर तो सारंग होता, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. चाळीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस.

मला वाटलं होतं, जहाज म्हणजे उकिरडा झाला असेल. तसं नव्हतं. गंज होता, पण डेक धुतलेला होता. दोरांच्या चळती नीट गुंडाळून ठेवलेल्या. दिव्यांच्या काचा पुसलेल्या. जेवणघरात नेऊन त्यांनी आम्हाला बसवलं, आणि एकेक जण येऊन भिंतीशी उभा राहिला. कुणी ब्रह्मदेशचे, कुणी फिलिपिन्सचे, दोघं आमच्या कोकणचे. सगळ्यांत शेवटी कॅप्टन आला. ओलेक्सी त्याचं नाव, युक्रेनचा. शर्ट अंगात खुळखुळत होता, पण इस्त्रीचा होता आणि खांद्यावरच्या चारही पट्ट्या जागेवर होत्या. तो मोडक्या इंग्रजीत थोडं बोलायचा, राहिलेलं गनी सांगायचा.

आमच्यापुढे भात आणि माशाचं पातळ कालवण आलं. बाई जेवल्या. मी ताट पुढे सरकवलं तसं त्या हळूच म्हणाल्या, “खा, धारप. त्यांच्या वाटणीतलं आहे ते.” मी खाल्लं.

मग त्यांनी कॅप्टनला विचारलं, “तुम्ही उतरत का नाही?”

कॅप्टन बराच वेळ बोलला. गनीने ते दोन वाक्यांत सांगितलं.

“तो म्हणतोय, आमचा सात महिन्यांचा पगार म्हणजे हे जहाज. शिडीवरून एकदा खाली उतरलो की आम्ही कोण? बंदरावरची चौदा फालतू माणसं.”

“कोर्टात दावा लावता येतो की,” मी मध्येच बोललो.

“वकील कुठून आणू, साहेब?” गनी म्हणाला. “पोहत जाऊन?”

भिंतीशी उभ्या असलेल्या एका ब्रह्मी पोराच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. बाई त्या हाताकडे बघत होत्या. “हे कधी झालं?”

“श्रावणात,” गनी म्हणाला. “ते मोठं तुफान झालं ना, बाई, तेव्हा. रात्रीत नांगर सुटला. जहाज वाहायला लागलं ते सरळ तेलाच्या जेटीकडं. तिथं दोन तेलाची जहाजं लागलेली. टाकीत डिझेल उरलेलं थोडंच, दिव्यासाठी राखून ठेवलेलं. कॅप्टननं ते सगळं इंजिनात घातलं. अकरा तास आमी जहाज वाऱ्यावर धरून ठेवलं. ह्या को टिनचा हात नांगराच्या साखळीत गेला. तेव्हापासून दिवा नाय, पंखा नाय, वायरलेस नाय.”

“आणि किनाऱ्यावर कुणाला कळलं नाही?”

गनीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर. बाहेर खाली आमच्या लाँचचं इंजिन टुकटुकत होतं.

“कचेरीचे पहारेकरी असतील ना जहाजावर?” बाईंनी विचारलं. “अटकेतल्या जहाजावर असतात, असं मला सांगितलंय.”

“होते, बाई. दोघं होते. मे महिन्यापर्यंत. मग पाणी कमी पडायला लागलं, ते लाँचला हात दाखवून निघून गेले. परत कुणी आलं नाय.”

मी खाली ताटाकडे बघत होतो. आता काय ते सांगूनच टाकतो. पहारेकरी गेल्याचं मला माहीत होतं. पहारेकरी पुरवणाऱ्या एजन्सीने दुसरी माणसं द्यायला नकार दिला होता. नवी एजन्सी नेमायची तर कोर्टाकडे जायचं, कारणं द्यायची, पहिले का गेले ते सांगायचं. मी म्हटलं, खलाशी आहेतच वर, जहाज कुठे पळून जातंय. दर मंगळवारी लाँच घेऊन यायचो, जहाजाभोवती एक फेरी मारायचो आणि परत फिरायचो. त्या शिडीला मी त्या दिवशी पहिल्यांदा हात लावला होता. मला उंचीची भीती वाटते, लहानपणापासून. अटकेच्या दिवशीही कागद चिकटवायला मी बेलीफला वर पाठवलं आणि स्वतः लाँचमध्ये बसून राहिलो. नोकरीत हे कुणाला कधी कळू दिलं नव्हतं.

आणि श्रावणातल्या त्या तुफानानंतरच्या मंगळवारी कठड्यावरून माणसं हात हलवून ओरडत होती, ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, शिव्या देतायत.

बाईंनी मला काही विचारलं नाही. त्यांनी कॅप्टनला विचारलं, “हे सगळं कुठे लिहून ठेवलंय?”

कॅप्टनने जहाजाची रोजची नोंदवही आणली. बाई चष्मा लावून तिच्यातली पानं उलटत राहिल्या. मध्ये एक-दोनदा गनीला जवळ बोलावून काही विचारलं. मग वही मिटून त्यांनी कॅप्टनकडे पाहिलं आणि ती चार दिवस उसनी मागितली. कॅप्टनला वही जहाजाबाहेर द्यायची नव्हती. तो नकाराची मान हलवत होता. बाईंनी हातातली बांगडी काढून टेबलावर ठेवली. सोन्याची होती. “ही तुमच्याकडे राहू दे,” त्या म्हणाल्या. कॅप्टनने बांगडी उचलून त्यांच्या हातावर परत ठेवली आणि वहीही दिली.

निघण्याआधी त्यांनी पिशवीतून एक कागद काढला आणि चौदा जणांची नावं, गावं, कामं स्वतःच्या हाताने लिहून घेतली. प्रत्येकाला नाव दोनदा म्हणायला लावलं. तो म्हणत असताना त्याच्या ओठांकडे बघायच्या आणि मग लिहायच्या.

परतताना लाँचमध्ये आम्ही समोरासमोर बसलो होतो. पाणी शांत होतं. धक्का दिसायला लागला तेव्हा बाईंनी विचारलं.

“कोर्टाला दर आठवड्याला आपला रिपोर्ट जातो ना, धारप?”

“हो, मॅडम.”

“काय लिहिता त्यात?”

मला तो पाठ होता. “जहाज कचेरीच्या ताब्यात सुरक्षित असून पहारा चोख आहे.”

“वाक्य चांगलं आहे.” त्या पाण्याकडे बघत होत्या. “आणि खरंही आहे. पहारा चोखच होता. फक्त कुणाचा, ते लिहायचं राहिलं.”

मी घाम पुसला. नोव्हेंबरच्या वाऱ्यात.

“मला कायदा कळत नाही,” त्या पुढे म्हणाल्या. “तुम्हाला कळतो. शेरीफच्या ताब्यातल्या जहाजाची जो राखण करतो, त्याला पैसे कुठून मिळतात?”

“विक्रीच्या रकमेतून. सगळ्यांच्या आधी. राखणीचा खर्च पहिला, बँका आणि बाकीचे घेणेकरी नंतर.”

“म्हणजे ही चौदा माणसं जर माझे पहारेकरी असतील, तर…”

मी वकिलीची परीक्षा दिलेला माणूस. मला ते झटकन दिसलं, आणि त्याची किंमतही. वाट सरळ होती. कोर्टाने मान्य केलं असतं तर त्यांना जवळजवळ सगळा पगार मिळाला असता, घरी जायची तिकिटंसुद्धा. पण त्यासाठी आधी हे सिद्ध व्हायला हवं होतं की शेरीफचा दुसरा कुणी पहारा तिथे नव्हता. आणि पहारा होता असं सांगणारे, माझ्या सहीचे, सव्वीस रिपोर्ट कोर्टात पडून होते.

“पोलिसांचं पत्र फाडून टाका,” बाई म्हणाल्या. “नवा रिपोर्ट तुम्ही लिहा. सही मी करीन.”

दुसऱ्या दिवशी मी रिपोर्ट लिहून नेला. तुफान लिहिलं, डिझेल लिहिलं, को टिनची बोटं लिहिली. चौदा नावं लिहिली. पहाऱ्याबद्दल लिहिलं, “मे महिन्यानंतर नियमित पहारेकरी उपलब्ध होऊ शकले नाहीत.”

बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

“आमच्या शाळेत नवा शिक्षक आला की मी त्याला पहिल्या दिवशी एकच सांगायचे. मुलांशी बोलताना तोंडापुढे हात धरू नकोस. त्यांना ओठ दिसले नाहीत तर त्यांच्या दृष्टीने तू काही बोललाच नाहीस.” त्यांनी बोट उचललं. “ह्या ओळीत हात आहे, धारप.”

तीन वर्षांत निवृत्त होणार होतो. मुलीचं लग्न ठरलेलं. खोटा रिपोर्ट म्हणजे साधी चूक नव्हे, नोकरी जाते, पेन्शन जाते.

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग पेन काढलं आणि त्या ओळीसकट खाली सही केली.

“तुम्हाला असाच पाठवायचा असेल तर असा पाठवा,” त्या म्हणाल्या. “कचेरी माझी आहे. काय होईल ते माझ्या नावावर होईल.”

गुरुवारी विक्रीच्या रकमेच्या वाटपाची सुनावणी होती. शेरीफ स्वतः कोर्टात येऊन बसल्याचं जज्जसाहेबांनाही नवल वाटलं. बाई पहिल्या बाकावर, मांडीवर ती कापडी पिशवी घेऊन. मी त्यांच्या मागच्या बाकावर. जहाजावर कर्ज दिलेल्या बँकेचे वकील उभे राहिले. मोठे वकील होते, आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडत नसे. त्यांनी आमचा रिपोर्ट उचलला, मग एक जाड गठ्ठा उचलला.

“माय लॉर्ड, मी थोडं वाचतो. दोन जून. ‘पहारा चोख आहे.’ नऊ जून. ‘पहारा चोख आहे.’ सोळा जून…” त्यांनी असे दहा-बारा वाचले. माझं वाक्य, त्यांच्या तोंडून, पुन्हा पुन्हा. “सगळ्यांवर डेप्युटी शेरीफची सही आहे. आणि आता सन्माननीय शेरीफ म्हणतात की पहारा नव्हताच. शेरीफसाहेबांबद्दल मला आदर आहे. त्यांचं मन मोठं आहे. पण त्या समुद्रावर एक दिवस गेल्या, डेप्युटी सव्वीस वेळा. कोर्टाने कुणावर विश्वास ठेवायचा?”

जज्जसाहेब बाईंकडे वळले. बाई उठून उभ्या राहिल्या. “मी पाहिलं ते लिहिलंय,” एवढंच म्हणाल्या. त्यांचा हात पिशवीवर होता. पिशवीत नोंदवही होती, ते मला माहीत होतं. मी वाट बघत होतो की आता त्या ती काढतील आणि माझं जे व्हायचं ते होऊन जाईल. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. दुसऱ्याने ढकललं तर उडी मारावी लागत नाही.

त्यांनी ती काढली नाही. त्या खाली बसल्या.

वकील म्हणाले, “माझं म्हणणं संपलं, माय लॉर्ड.”

जज्जसाहेबांनी पेन उचललं. त्यांना दोष नाही, समोर जे कागद होते त्यावरून दुसरा निकाल झाला नसता. माझ्या डोळ्यांसमोर काय आलं असेल? को टिनचा हात नाही, कॅप्टन नाही. ते कालवण आलं. पातळ, मीठ कमी असलेलं, आणि सारंगाने ते वाढताना माझ्या ताटात टाकलेला माशाचा मधला तुकडा.

मी उभा राहिलो होतो. कधी राहिलो ते कळलं नाही.

“डेप्युटी शेरीफ? आपल्याला काही सांगायचंय?”

“हो, माय लॉर्ड. ते रिपोर्ट खोटे आहेत.”

कोर्टात एक खुर्ची करकरली.

“कुठले रिपोर्ट?”

“माझे. सव्वीसच्या सव्वीस. पहारेकरी मे महिन्यात निघून गेले. मला माहीत होतं. मी पुन्हा कुणाला नेमलं नाही.”

“पण आपण दर आठवड्याला जहाजावर जात होतात.”

“जहाजापर्यंत जात होतो. जहाजावर मी एकदाच चढलो, गेल्या मंगळवारी. त्याआधी कधी नाही.”

“का?”

एवढ्या वर्षांत कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. “मला भीती वाटते, माय लॉर्ड,” मी म्हणालो. “शिडीची.”

कुणीही हसलं नाही. बँकेच्या वकिलांनी गठ्ठा हळूच टेबलावर ठेवून दिला.

निकाल त्याच दिवशी झाला. चौदा जण जूनपासून शेरीफचे राखणदार मानले गेले. राखणीचा खर्च सगळ्यांच्या आधी, घरी जायचा खर्चही त्यातच, आणि ते जाईपर्यंत भंगारवाल्याने थांबायचं. को टिनच्या हातासाठी वेगळा अर्ज करायची मुभा. शेवटची ओळ माझ्याबद्दल होती. खात्याने चौकशी करावी.

बाहेर कॉरिडॉरमध्ये बाईंनी पिशवीतून वही काढून माझ्या हातात दिली. “कॅप्टनला परत करायचीय. तुम्हीच द्या.”

मी ती उघडली. कॅप्टनचं अक्षर बारीक आणि उभं. कुठलाही मंगळवार काढा, त्याखाली इंग्रजीत एक ओळ होतीच. ‘शेरीफची लाँच आली. फेरी मारली. गेली.’ ऑगस्टमध्ये एका मंगळवारी थोडं जास्त होतं. ‘आम्ही हाका मारल्या. लाँचमधल्या साहेबांनी उलट हात हलवला.’

मला आठवलं. शिव्या समजून खरंच हलवला होता.

“हे तुम्ही मंगळवारीच वाचलंत,” मी म्हणालो. “मग आत दाखवलं का नाही?”

“गरज पडली नाही.”

“आणि मी उठलो नसतो तर?”

“तर दाखवलं असतं,” बाई म्हणाल्या. “पेन कागदाला टेकायच्या आत. चौदा माणसांची घरं होती, धारप. मी काही तुमच्यासाठी थांबून राहिले नसते.”

शुक्रवारी मी वही घेऊन गेलो. शिडी चढलो, मध्ये दोनदा थांबून. गनी वरून सांगत होता, “आत्ता नाय, साहेब… आता!” तीन आठवड्यांत ती माणसं आपापल्या घरी गेली. जहाज भंगाराच्या किनाऱ्याला लागलं.

माझी चौकशी पुढच्या वर्षी मे महिन्यात उभी राहिली. तोवर बाईंची मुदत संपून दुसरे शेरीफ आले होते. माझ्या बाजूने साक्षीला कोण येणार? मी कुणाचं नाव दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर बाई बसलेल्या. कुणी समन्स काढलं नव्हतं. सकाळी दहापासून बसल्या होत्या, दुपारी तीनला त्यांना आत बोलावलं.

चौकशी अधिकारी अदबीने म्हणाले, “बाई, आपण ह्यांच्या चांगल्या वागणुकीबद्दल दोन शब्द सांगितले तरी पुरे.”

“वागणूक कशी ती कोर्टाने पाहिलीय,” बाई म्हणाल्या. “मी वेगळं सांगायला आलेय. हे गृहस्थ दर आठवड्याला रिपोर्ट लिहायचे, तो माझ्या टेबलावरून जायचा. त्यात एकच वाक्य असायचं. मी मास्तरीण. एकच वाक्य सव्वीस वेळा लिहिणारं मूल वर्गात मला दुसऱ्या दिवशी कळलं असतं. इथे मी सोबतच्या पत्रावर न वाचता सही करत गेले. जहाजाला कोण राखतं हे मी एकदाही विचारलं नाही. ते लिहून घ्या.”

अधिकाऱ्यांनी घसा साफ केला. “ह्याची खरं तर गरज नाही. आपली चौकशी चालू नाही.”

“म्हणून तर सांगायला आले. लिहा.”

कारकुनाने लिहिलं. त्या साक्षीमुळे असेल किंवा कोर्टात मी आपण होऊन बोललो म्हणून असेल, माझी नोकरी राहिली. दोन वेतनवाढी गेल्या, पद गेलं, शेवटची दोन वर्षं मी रेकॉर्डच्या खोलीत काढली. पण ते नंतर. त्या दुपारी कारकुनाचं लिहून झाल्यावर बाई म्हणाल्या, “वाचून दाखवा.”

तो वाचायला लागला. बाई त्याच्या ओठांकडे बघत होत्या.

“‘…जहाजाची राखण कोण करतं याबाबत शेरीफ कचेरीकडून विचारणा झाली नाही.’”

“थांबा,” बाई म्हणाल्या. “कचेरी खोडा.”

कारकुनाने पेन हातात धरून अधिकाऱ्यांकडे पाहिलं.

“तिथे ‘मी’ लिहा,” बाई म्हणाल्या. “मी विचारलं नाही.”